आधी आडवं, मग उभं

"मावशी, जरा इकडं या. तुमच्या मुलीनं रेघ काढलीय. बघून जा."

गणिताच्या सरांनी माझ्या आईला वर्गाच्या दारात बोलावलं, तेव्हा मी फळ्यापाशी उभी होते. हातात खडू होता. नववीचं वर्ष. आई आमच्याच शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायची, पाचवी ते आठवीच्या पोरांसाठी. तिची पत्र्याची खोली आमच्या वर्गाच्या खिडकीखाली होती. सरांनी खिडकीतूनच हाक मारली. आई पदराला हात पुसत आली आणि उंबऱ्याबाहेर थांबली. हाताला हळद होती. कपाळावर घाम.

सगळा वर्ग तिच्याकडं बघत होता. मग माझ्याकडं. मग परत तिच्याकडं.

फळा चौकटी आखलेला होता. आलेखाचा. समीकरण होतं, वाय बरोबर दोन एक्स अधिक एक. सरांनी विचारलं होतं, कोण काढतंय? मी हात वर केला होता. त्या वर्षात पहिल्यांदा. कारण आदल्या संध्याकाळी मी घरी तेच समीकरण सोडवलं होतं. एक्सच्या किमती घेतल्या, वायच्या काढल्या, टिंबं दिली, पट्टी लावली. सगळी टिंबं एका रेषेत आली. मला वाटलं, रेघ सरळ आली म्हणजे बरोबर आलं. फळ्यावरही तशीच काढली.

रेघ सरळ होती. पण चुकीची होती. मी एक्सच्या जागी वाय आणि वायच्या जागी एक्स धरला होता. त्यामुळं जी रेघ ताठ वर जायला पाहिजे होती, ती जमिनीलगत आडवी सरकत गेली होती.

हे मला आज कळतं. तेव्हा सर एवढंच म्हणाले होते, "चूक." काय चुकलं ते सांगितलं नाही. खिडकीकडं गेले आणि आईला हाक मारली.

"बघा मावशी," सर म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. ते कधीच ओरडायचे नाहीत. "ही रेघ वर चढायला पाहिजे. हिची आडवी पडलीय. तुमच्या वस्तीतल्या रेघा अशाच. वर चढतच नाहीत."

पुढचे बाक हसले.

"हिला चुलीपाशी घ्या. पातेलं तरी सरळ धरेल."

आता मागचे बाकही हसले. हसायला पाहिजे म्हणून हसले.

आईनं फळ्याकडं बघितलं. तिला त्यातलं काही कळत नव्हतं. तिला एवढंच कळलं की पोरीचं काहीतरी चुकलंय आणि सर मोठे आहेत. ती म्हणाली,

"व्हय सर."

आणि गेली. खिचडी लागत होती.

आमची वस्ती इंदापूर तालुक्यात, सणसरच्या बाजूला, कालव्याच्या खालच्या अंगाला. वस्तीचं नाव सांगितलं की जात कळते. वेगळी विचारावी लागत नाही. शाळा बारामतीच्या रस्त्यावर. चांगली शाळा म्हणून नाव होतं. बागायतदारांची पोरं यायची, कारखान्यातल्या नोकरदारांची यायची, आणि आम्ही. आईला शाळेची चूल मिळाली त्या वर्षी काही घरांतून पोरांबरोबर डबे यायला लागले. खिचडी आवडत नाही म्हणायचे. आधीची बाई करायची तेव्हा आवडायची. आई उरलेली खिचडी बादलीत भरायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "मीठ जास्त झालं असंल."

मीठ जास्त झालेलं नसायचं. मी खाल्लेली आहे ती खिचडी.

त्या दिवशी घरी गेल्यावर मी आईशी बोलले नाही. भाकरी थापत असताना तिनं दोनदा विचारलं, "दुखतंय का काय?" तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी तोंड उघडलं.

"तू व्हय सर का म्हनलीस?"

"मग काय म्हनू?"

"न्हाय म्हनायचं."

आईनं भाकरी तव्यावर टाकली. वरून पाणी फिरवलं. "न्हाय म्हनलं तर चूल जाईल," ती म्हणाली. "तुला वही कशानं आनू मग?"

मला राग आला होता, आणि तो सगळा आईवर होता. सरांवर राग करायचा असतो हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. सर चुकत नाहीत. चुकतो तो आपण. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, तरी पक्कं येत होतं.

वर्गात सरांचा धडा कसा चालायचा ते सांगते. सर फळ्यावर समीकरण लिहायचे. मग पुढच्या बाकांना विचारायचे, "हे क्लासला झालंय ना?" पुढचे बाक म्हणायचे, "हो सर." सर म्हणायचे, "मग पुढं." क्लास म्हणजे सरांच्या घरची शिकवणी. वर्गातली निम्मी पोरं तिथं जायची. जे तिथं झालेलं असायचं ते शाळेत होत नसे. आणि जे तिथं झालेलं नसायचं, ते तिथं व्हायचं असायचं म्हणून शाळेत होत नसे. आम्ही मागच्या बाकावरून समीकरणं उतरवून घ्यायचो. पावसाळ्यात गळक्या छपराखाली भांडं ठेवावं तसं. जेवढं पडेल तेवढं.

माझ्या बाकावर शाहीन बसायची. तिच्या वडलांचं रस्त्यालगत शिवणकामाचं दुकान होतं आणि दुकानामागं घर. शाहीनलाही गणित येत नव्हतं. पण तिचा स्वभाव वेगळा होता. मला आलं नाही की मी खाली मान घालायचे. तिला आलं नाही की ती चिडायची.

फळ्याच्या प्रकारानंतर मी गणिताच्या तासाला वही उघडायचंच बंद केलं. शाहीननं दोनचार दिवस बघितलं. मग म्हणाली, "घरी चल माझ्या. मला बघायचंय, ह्या आलेखात असं काय हाय."

तिच्या घरापुढं ओट्यावर चौकोनी फरशी होती. तिनं वडलांच्या दुकानातून कापडावर खुणा करायचा खडू आणला आणि पुस्तक मांडीवर घेऊन मोठ्यानं वाचायला लागली. आम्ही ते पुस्तक वर्षभर दप्तरातून वाहत होतो. सोडवलेली उदाहरणं बघायचो, ती उतरवायचो. पण वरचा मजकूर कधी वाचला नव्हता. गणिताच्या पुस्तकातला मजकूर वाचायचा असतो हेच माहीत नव्हतं.

शाहीन वाचत होती आणि मधेच थांबली. तेच वाक्य परत वाचलं. मग माझ्याकडं बघितलं.

"अगं, कंसातला पयला आकडा आडवा जातो," ती म्हणाली. "दुसरा उभा. तू उलटं केलंस."

"म्हंजी?"

"उठ. हितं हुभी ऱ्हा."

तिनं दोन फरश्यांमधल्या सांध्यावर खडूनं एक आडवी रेघ मारली, एक उभी मारली. जिथं दोन्ही मिळाल्या तिथं मला उभं केलं. हा आरंभबिंदू, म्हणाली. "आता एक आनि तीन. पयला आकडा एक. उजवीकडं एक फरशी सरक. आता तीन. वर तीन फरश्या जा. तितं थांब." मी थांबले. तिनं माझ्या पायाशी टिंब दिलं. "आता दोन आनि पाच." मी परत आरंभबिंदूपासून निघाले. दोन उजवीकडं, पाच वर. भिंतीला टेकले. तिनं टिंब दिलं. शून्य आणि एक. हे मी एकटीनं केलं. शून्य म्हणजे आडवं सरकायचंच नाही, जागेवरूनच वर जायचं. शून्याला मी आजवर घाबरत होते. शून्य आलं की मी ते टिंब सोडूनच द्यायचे.

शाहीननं दोरी धरली. एक टोक माझ्याकडं, एक तिच्याकडं. तिन्ही टिंबं दोरीखाली आली. रेघ ताठ वर गेली होती.

"आदी आडवं, मग हुभं," शाहीन म्हणाली. "एवडंच हाय."

मग आम्ही वजा आकडे घेतले. वजा म्हणजे डावीकडं, नाहीतर खाली. ओटा संपला तेव्हा अंगणात उतरलो. शाहीनची अम्मी बाहेर येऊन म्हणाली, "फरशी कोण पुसनार?" आम्ही पुसली आणि परत काढली. ऊस भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यानं जात होत्या. धूळ उडत होती. आम्ही काढत होतो.

मला आनंद व्हायला पाहिजे होता. थोडा वेळ झालाही. मग घरी चालत जाताना कालव्यापाशी मी थांबले. एवढंच होतं. आधी आडवं, मग उभं. एक वाक्य. ते वाक्य सरांना येत होतं. फळ्यापाशी मी उभी असताना सरांनी ते म्हटलं असतं, तर मी टिंब पुसून बरोबर जागी दिलं असतं. खिडकीपर्यंत जायला जेवढा वेळ लागला, तेवढाही लागला नसता. सरांनी ते वाक्य सांगितलं नाही. त्याऐवजी माझी आई बोलावली.

मला गणित येत नव्हतं असं नव्हतं. मला गणित दिलं नव्हतं.

त्या दिवशी राग आईवरून उठला आणि जिथं जायला पाहिजे होता तिथं गेला. तो आजपर्यंत तिथंच आहे.

दुसऱ्या दिवशी मी आलेखाच्या कागदावर ती रेघ काढून सरांच्या टेबलावर ठेवली. सरांनी बघितली. "क्लास लावलास का कुठं?"

"न्हाय सर."

"मग कुणाची बघून काढलीस?"

"माजी मी काडली."

सरांनी कागद बाजूला सारला. त्यावर बरोबरची खूण केली नाही, चुकीचीही केली नाही. मी कागद उचलला आणि जागेवर आले. खाली मान घातली नाही. शाहीन बाकाखालून माझा हात दाबत होती.

वार्षिक परीक्षा झाली. आम्ही दोघी पास झालो. गणितात काठावर, पण पास. आणि निकालानंतर घरोघर निरोप गेले, पालकांना घेऊन मुख्याध्यापकांना भेटा.

सगळ्या घरांना नाही. मागच्या बाकांच्या घरांना.

शाळेचा दहावीचा निकाल शंभर टक्के लागायचा. दारावर तसा बोर्ड होता. तो शंभर टक्के कसा लागायचा ते आम्हाला त्या एप्रिलात कळलं. नववी झाली की कच्च्या पोरांचे दाखले काढायचे. पालकांकडून अर्ज लिहून घ्यायचा, की आम्ही स्वखुशीनं मुलाला काढतोय. मग त्या पोरानं सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसायचं. पास झालं तर त्याचं नशीब. नापास झालं तर शाळेच्या निकालाला डाग नाही.

शाहीनच्या वडलांनी सही केली. दुकानातली गिऱ्हाइकं सोडून आले होते. त्यांना सांगितलं, मुलीचंच भलं आहे, घरी बसून अभ्यास होईल. ते म्हणाले, "तुमी म्हंताय म्हंजी बराबरच आसंल, सर." शाहीन दाराबाहेर उभी होती. तिला आत बोलावलंच नाही.

आमचा नंबर दुसऱ्या दिवशी होता. आईनं धुतलेलं लुगडं नेसलं होतं. खोलीत मुख्याध्यापक होते आणि गणिताचे सर होते. अर्ज लिहून तयार होता. फक्त सहीची जागा मोकळी. आई सातवी शिकलेली. सही येत होती. तिच्या हातात पेन दिलं.

"इथं," सर म्हणाले.

आई अर्ज वाचायला लागली. वाचायला तिला वेळ लागायचा. ओठ हलायचे.

"वाचायचं काय त्यात, मावशी," मुख्याध्यापक म्हणाले. "मुलीच्या भल्याचंच आहे."

मी म्हणाले, "आई, सही करू नगं."

सरांनी माझ्याकडं बघितलं. "मोठी माणसं बोलत असताना मधे बोलू नये."

मी टेबलाची कड धरली.

"सर, मी नापास हाय का?"

"प्रश्न तो नाही."

"मग दाकला कशाचा?"

"तू काठावर आहेस," मुख्याध्यापक म्हणाले. "दहावीला काठावर चालत नाही. शाळेच्या निकालाचा विचार करावा लागतो."

"माजा निकाल माजा हाय, सर. शाळंचा तुमचा."

बाहेर शिपाई घंटा पुसत होता, त्याचा आवाज येत होता. मग मुख्याध्यापक माझ्याशी बोलायचं सोडून आईकडं वळले. आवाज एकदम मऊ झाला.

"मावशी, तुम्ही आपल्या शाळेतल्याच. जूनमध्ये चुलीचं परत बघायचंय. तुम्हाला वेगळं सांगायला नको."

म्हणजे सांगून झालं.

आईनं पेन हातात धरून ठेवलं. मी तिच्याकडं बघत होते आणि मला वाटत होतं, ती सही करेल. मी तिला दोष दिला नसता. आमच्या घरात त्या चुलीशिवाय काही नव्हतं. वडील नव्हते. आईनं अर्जावरून नजर काढली आणि सरांकडं बघितलं. त्या माणसाकडं तिनं सरळ बघितलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

"सर, पोरगी न्हाय म्हनती."

"मुलीचं सोडा. तुम्ही काय म्हणता?"

आईनं पेन टेबलावरच्या काचेवर ठेवलं. आवाज झाला.

"मी बी न्हाय म्हनती."

आम्ही घरी आलो. आईनं लुगडं बदललं, घडी घालून पेटीत ठेवलं, आणि मग बसून रडली. जिंकल्यासारखं काही नव्हतं त्यात. तिला भीती वाटत होती. मलाही.

जूनमध्ये चूल एका बचत गटाला दिली. कारण सांगितलं नाही. आई खुरपायला जायला लागली. टोमॅटो तोडायला, डाळिंबं भरायला, जिथं टेम्पो नेईल तिथं. पाठ धरायची तिची. दहावीचं वर्ष मी मागच्या बाकावर एकटी काढलं. शेजारची जागा रिकामी होती. सरांनी वर्षभर माझी वही तपासली नाही. मी पुस्तकातला वरचा मजकूर मोठ्यानं वाचायचे. कळलं नाही तर परत वाचायचे. शाहीन शिकवायची तसं स्वतःला शिकवायचे.

मी पास झाले. त्या वर्षीही शाळेचा निकाल शंभर टक्के लागला, माझ्यासकट. बोर्डावरचा आकडा तोच राहिला. शाहीन त्या शंभरात नव्हतीच. ती बाहेरून बसली होती. तिला शाळा नाही, वर्ग नाही, बाक नाही, कुणी विचारणारं नाही. गणितातच गेली. जिनं मला आलेख शिकवला, ती. दुसऱ्यांदा बसायच्या आधी तिचं लग्न ठरलं. मोरगावच्या बाजूला दिली. आता तिला दोन लेकरं आहेत. कधी फोन केला तर म्हणते, "माजं जाऊंदे." मी जाऊ देत नाही. पण तिला तसं म्हणत नाही.

मी बारावी केली, पदवी केली, आणि दोनदा पडून तिसऱ्यांदा तलाठ्याची परीक्षा पास झाले. नेमणुकीची बातमी गावात पोचली आणि आठवड्यात शाळेच्या फाटकावर फ्लेक्स लागला. माझा फोटो. आमच्या शाळेची यशस्वी विद्यार्थिनी. खाली शिक्षकांचे फोटो. गणिताचे सर आता मुख्याध्यापक आहेत. त्यांचा फोटो माझ्यापेक्षा मोठा.

त्यांचा फोन आला. आवाज तसाच, न चढणारा. "बेटा, सत्काराला यायचं. आईलाही आण. शाल-नारळ दोघींना."

मी म्हणाले, "सर, एक करा. माझ्या वर्गात नववीत किती पोरं होती आणि दहावीत किती उरली, ते त्या फ्लेक्सवर लिवा. मग येते."

"जुनं काढू नये," ते म्हणाले.

"जुनं कुठं सर? औंदा पण तुम्ही नववीतली पोरं काढली. आमच्याच वस्तीतली. मी त्यांच्या घरी जाऊन आलेय."

त्यांनी फोन ठेवला. मी सत्काराला गेले नाही. आई म्हणाली, "शाल तरी बघितली असती." मग स्वतःच हसली. पण मनापासून हसली असं मला वाटलं नाही. मी तीन निरोप धाडले, तेव्हा माझा फोटो फाटकावरून उतरला.

तेव्हापासून मी रविवारी वस्तीत जाते. नववीतल्या पोरांच्या घरी बसते. आयांना सांगते, दाखला मागायचा हक्क तुमचा आहे, शाळेचा नाही. पास झालेल्या पोराला शाळा काढू शकत नाही. अर्जावर स्वखुशी लिहिलेलं असतं, आणि खुशी नसेल तर सही करायची नाही. काही आया मान डोलावतात. काही घाबरतात. एकीनं मला विचारलं, "तुज्या आईची चूल गेली न्हवं?" मी म्हणाले, गेली. खोटं सांगून कुणाला उभं करायचं नाही मला.

नोकरीतल्या माणसानं असल्या भानगडीत पडू नये, असा निरोप मला दोन ठिकाणांहून आलाय. माझ्यावर तक्रार होईल. लांबच्या गावी बदली होईल. होऊ दे.

येत्या एप्रिलात निरोप जातील, तेव्हा ज्या ज्या घरात जातील त्या घरातली बाई एकटी त्या खोलीत जाणार नाही. मी बरोबर जाणार आहे. बसायला सांगितलं नाही तर आम्ही उभ्या राहू. सही करणार नाही. दाखला घेणार नाही. आमची पोरं त्याच शाळेतून, शाळेच्याच नावावर दहावीला बसतील. नापास झाली तर तिथंच होतील.